सिगालोवाद सुत्तातील खालची दिशा आणि आपल्या संस्था

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपल्याकडे गृहस्थांचा विनय म्हणून वाचले जाते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धनी व सेवक यांच्या विनयाला स्थान दिले आहे. तथापि मातापिता, आचार्य, पतिपत्नी या दिशांवर प्रवचनांतून जेवढे विवेचन होते, तेवढे खालच्या दिशेवर, म्हणजे दास-कर्मकरांवर, होत नाही. झालेच तर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे कारखानदार उभा राहतो. आपली कामगार संघटना, शिक्षणसंस्था, वसतिगृह किंवा सामाजिक न्यायासाठी झटणारे मंडळ हेही कोणाचे तरी धनी असते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. प्रस्तुत लेखात हे सुत्त त्या दृष्टीने तपासावयाचे आहे.

धन्याची पाच कर्तव्ये सुत्तात सांगितली आहेत: शक्तीनुसार काम नेमून देणे, भोजन व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि योग्य वेळी कामातून मोकळे करणे. येथे शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. पुत्राने मातापित्यांची व शिष्याने आचार्यांची सेवा करावी, या अर्थी जे पाली क्रियापद येते, तेच धन्याने सेवकांशी कसे वागावे हे सांगताना योजिले आहे. सेवक धन्यावर जे करतात, त्याला मात्र 'अनुकंपा' म्हटले आहे. मालक उपकारकर्ता आणि सेवक उपकृत, ही रूढ कल्पना तथागतांनी येथे उलटी केली आहे.

परंतु श्रद्धेपोटी या सुत्ताच्या मर्यादा झाकणे योग्य होणार नाही. त्यात 'दास' हा शब्द तसाच राहिला आहे. सेवकाने धन्याच्या आधी उठावे व नंतर निजावे, ही अपेक्षा त्या काळची आहे. शिवाय धन्याने कर्तव्य टाळले तर सेवकाने दाद कोणाकडे मागावी, याचे उत्तर सुत्तात नाही.

पहिल्या दोन उणिवांचे उत्तर बाबासाहेबांच्या कार्यात सापडते. 1938 साली मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना, कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध कामास जुंपणे ही गुलामगिरीच होय, अशी त्यांची भूमिका होती. 1942 ते 1946 या काळात ते मजूर खात्याचे सदस्य होते, आणि 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. जे सुत्तात धन्याचे कर्तव्य होते, ते येथे सेवकाचा हक्क झाले.

तिसऱ्या उणिवेचे उत्तर विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात भोजनाची वा निवासाची व्यवस्था पाहणाऱ्या भिक्खूची नेमणूक कोणा एका थेराच्या मर्जीने होत नाही. प्रथम त्याला विचारावे, मग संघापुढे प्रस्ताव मांडावा, असा नियम आहे. छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणे आणि काय झाले, काय राहिले हे जाणणे, ही त्याची पात्रता होय. या चार अगती सिगालोवाद सुत्तातही येतात. आपल्या संस्थांचा कारभार याच कसोटीवर घासून पाहावा. नातलग म्हणून अकार्यक्षमाला ठेवणे हा छंद, हिशेब विचारणाऱ्याला दूर करणे हा द्वेष, कामाची वाटणीच ठाऊक नसणे हा मोह, आणि अध्यक्षांपुढे कोणीच न बोलणे हे भय.

यावर आक्षेप घेतला जातो की, चळवळीजवळ पैसा नसतो आणि कार्यकर्त्याने तास मोजू नयेत. पैशाची अडचण खरी आहे. पण ती असेल तर हिशेब सर्वांपुढे ठेवावा व टंचाई वरपासून खालपर्यंत सारखी वाटून घ्यावी; वाटून खाण्याचा नियम अशा वेळीही लागू होतो. काम शक्तीनुसार द्यावे, असे सुत्त म्हणते. ध्येय थोर आहे म्हणून शक्तीबाहेरचे काम द्यावे, असे ते कोठेही म्हणत नाही. त्याचबरोबर काम नीट करणे व दिले तेवढेच घेणे, हे सेवकाचे कर्तव्यही सुत्त सोडत नाही. कामचुकारपणाला 'आपला माणूस' म्हणून पोसणे ही करुणा नव्हे.

इतरांच्या किमान वेतनासाठी मोर्चा काढणाऱ्या संघटनेच्या कचेरीतील कारकुनाला नेमणूकपत्र नसेल, आजारपणाची रजा मागताना त्याला त्यागाचे धडे ऐकावे लागत असतील, तर त्या संघटनेच्या समतेवर तो कारकून विश्वास कसा ठेवील? ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडणाऱ्या सिगालाला तथागतांनी दिशांचा अर्थ विचारावयास शिकविले. आपल्या विश्वस्तांनी व पदाधिकाऱ्यांनीही पुढच्या सभेत खालच्या दिशेचा विषय घ्यावा, आणि त्या सभेत सेवकांनाही बोलावे.