मागे सरकलेला तास : कॅरल ॲन डफी यांच्या ‘मीन टाइम’ या कवितेचा विचार

प्रस्तावना :
कॅरल ॲन डफी (जन्म १९५५) यांचा ‘मीन टाइम’ हा कवितासंग्रह १९९३ साली प्रसिद्ध झाला. २००९ ते २०१९ या काळात त्या ब्रिटनच्या राजकवी होत्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. या संग्रहाच्या शीर्षक-कवितेत घड्याळ मागे घेण्याची सरकारी प्रथा विरहदुःखाची वाहक कशी होते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये उजेडाच्या अपव्ययाविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि १९१६ मध्ये, महायुद्धाच्या काळात, ब्रिटनने उन्हाळी वेळ स्वीकारली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे घेतली जातात. भारतात १९४२ ते १९४५ या युद्धकाळात घड्याळे तासभर पुढे होती. परंतु दरवर्षीचा हा फेरबदल आपल्या अनुभवाचा भाग नाही. त्यामुळे कवितेतील व्यवहार आधी समजून घ्यावा लागतो.

विवेचन :
व्यवहारतः त्या रात्री माणसाला एक तास जास्त मिळतो. उजेडही नष्ट होत नाही. घड्याळाच्या हिशेबात तो संध्याकाळकडून सकाळकडे जातो. निवेदिकेला मात्र ही चोरी वाटते. प्रेम संपल्यावर परक्या वस्तीतून चालणाऱ्या या व्यक्तीच्या लेखी केवळ संध्याकाळच उरली आहे. हिशेबातील ही चूक हेच तिच्या शोकाचे सत्य होय.

चार चरणांची चार कडवी असलेल्या या रचनेत पहिल्या दोन कडव्यांतील यमके अपुरी, निसटती आहेत. तिसऱ्या कडव्यात, आकाशाने एका तासाहून अधिक काळ परत घेतला तर बोललेले व ऐकलेले शब्द पुसले जातील, ही इच्छा व्यक्त होते. पूर्ण यमक नेमके येथेच जुळते. जे घडणे अशक्य, तेथेच नाद पूर्ण व्हावा, यात कवितेचे मर्म आहे. शेवटच्या कडव्यात मृत्यूची जाणीव येते आणि यमक पुन्हा किंचित ढळते. दोष एकट्या प्रियकराचा नाही. शब्द दोघांचेही आहेत, हा संयमही लक्षणीय आहे.

खिन्न रस्त्यांवरील पाऊस ही प्रतिमा रूढ आहे, असा आक्षेप घेता येईल. तथापि, पाऊस यायचाच होता, अशा सुरात कवयित्री त्या रूढपणाची स्वतःच दखल घेते. अधिक गंभीर आक्षेप शेवटाविषयी आहे. व्यक्तिगत पश्चात्तापाकडून सार्वत्रिक मृत्यूकडे होणारी झेप घाईची वाटते. दोघांमधील विशिष्ट दुःख तेथे काहीसे विरून जाते.

शीर्षकाचा अनुवाद ही आणखी एक कसोटी आहे. आपल्या ज्योतिषगणितातील ‘मध्यम’ ही संज्ञा ‘मीन’च्या सरासरी या अर्थाला अचूक आहे, मात्र त्याच इंग्रजी शब्दातील कृपणता व क्रूरता तिच्यात येत नाही. दोन्ही शब्द जोडून लिहिल्यास निघणारा ‘दरम्यानचा काळ’ हा अर्थही सुटतो. हे तीनही अर्थ वर्गात स्पष्ट केल्याशिवाय ही कविता केवळ प्रेमभंगाचे गीत म्हणून शिकवली जाण्याचा धोका आहे.

समारोप :
कायद्याने घड्याळ मागे नेता येते, उच्चारलेला शब्द नाही. प्रशासकीय काळ व अनुभवलेला काळ यांतील हे अंतर अवघ्या सोळा चरणांत उभे करणे, हे या कवितेचे यश होय. शेवटाची घाई मान्य करूनही ते उणे ठरत नाही.