सगळेच शेवट खरे?

‘एल्डर स्क्रोल्स’ या खेळमालिकेत दोन प्रकारच्या विसंगती आहेत. १९९८च्या ‘रेडगार्ड’सोबतच्या पुस्तिकेत सिरोडिल हा प्रांत म्हणजे घनदाट अरण्य, २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये तिथं मोकळी कुरणं. हे मला चालतं. ती पुस्तिका त्या जगातल्याच कुणीतरी लिहिलेली. आणि प्रत्येक सांगणारा आप्त, म्हणजे भरवशाचा, नसतो, हे आपले नैयायिक जाणून होते. पण १९९६च्या ‘डॅगरफॉल’ला अनेक शेवट होते. पुढच्या खेळांनी सांगितलं, काळच मोडला आणि सगळे शेवट एकदम घडले! युक्ती हुशारीची, कबूल. पण इथं साक्षीदार चुकलेला नाही, घटनाच परस्परविरोधी आहे. आणि सगळंच घडलं असेल, तर रात्री जागून खेळणाऱ्यानं निवडलं ते काय?