उपदेशकाची लेखणी आणि तरुण वाचक : मराठी ख्रिस्ती नियतकालिक-परंपरेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

धर्मोपदेशकाचे परंपरागत कार्यक्षेत्र म्हणजे व्यासपीठ. तेथे श्रोता समोर असतो, त्याचा चेहरा दिसतो, तो कंटाळला की उपदेशकाला कळते. लेखनात ही सोय नाही. नियतकालिक हाती घेणारा उपदेशक अपरिचित वाचकाशी, ठरावीक अंतराने, वर्षानुवर्षे बोलत राहतो. हे बोलणे ग्रंथाइतके पक्के नसते आणि प्रवचनाइतके क्षणिकही नसते. त्यामुळे नव्या पिढीशी नाते जोडू पाहणाऱ्या उपदेशकाला असे साधन सोयीचे वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु ते साधन सेवेचे आहे की प्रचाराचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने उभा राहतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात 'ज्ञानोदय', बाबा पदमनजी, पंडिता रमाबाईंचे पुण्यातील शारदा सदन, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या आधारे या साधनाचे मूल्यमापन केले आहे. मूल्यमापनाचे निकष तीन आहेत : लेखनाची भाषा कोणाची आहे, लेखकाचे उद्दिष्ट वाचकाला उघडपणे सांगितलेले आहे काय आणि वाचकाच्या उत्तराला त्या पानावर जागा आहे काय.

'ज्ञानोदय' : उपदेशापलीकडचे पान

अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. 'दर्पण' (१८३२) आणि 'प्रभाकर' (१८४१) यांच्यानंतर लगेचच निघालेले हे पत्र मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या आरंभीच्या काळातील आहे. त्यात ख्रिस्ती मताचे मंडन आणि हिंदू रूढींचे खंडन होते; त्याबरोबरच भौतिक शास्त्रांची माहिती, बातम्या आणि वाचकांचा पत्रव्यवहारही होता. मिशनच्या दृष्टीने ही सर्व सामग्री मुख्य हेतूस पूरक होती. आजच्या अभ्यासकाला मात्र या पत्राचे महत्त्व जाणवते ते मुख्यतः त्या पूरक भागात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १८५५ मधील आहे. पुण्यातील जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'ने दोन भागांत छापला. वेदांवर ज्यांचा अधिकार सांगितला जातो ते आपण नव्हे, मग आपला धर्म कोणता, हा त्या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. पेशवाईतील छळाचे वर्णन आणि इंग्रजी राज्याविषयीची कृतज्ञताही त्यात आढळते.

हा निबंध मिशनच्या हेतूला सोयीचा होता म्हणूनच छापला गेला, असा आक्षेप घेता येतो. तो पूर्णतः खोटा नाही. ब्राह्मणी धर्मसत्तेवरील टीका मिशनऱ्यांना हवीच होती. तथापि निबंधातील प्रश्न मिशनच्या उत्तराची वाट पाहत थांबलेला नाही. त्या मुलीने धर्माच्या नावाखाली वगळल्या गेलेल्या समाजाचे दुःख स्वतःच्या शब्दांत मांडले आणि आज तो निबंध दलित व स्त्रीलेखनाच्या आरंभीचा दस्तऐवज म्हणून वाचला जातो. उपदेशकाचे पान उपदेशकाच्या हातून सुटले, तेथेच ते सर्वाधिक फलदायी ठरले. तिसऱ्या निकषावर 'ज्ञानोदय' उतरते ते या ठिकाणी.

बाबा पदमनजी : ठरलेल्या उत्तराची अडचण

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे उपदेशक-लेखकाचे पहिले मोठे मराठी उदाहरण होय. बेळगावात जन्मलेल्या पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे पुण्यात फ्री चर्चच्या शाळेत अध्यापन आणि तेथील मंडळीचे पाळकपण ही दोन्ही कामे त्यांनी केली. 'सत्यदीपिका'सारख्या नियतकालिकाच्या संपादनापासून कोश, निबंध व पुस्तिकांपर्यंत त्यांचे लेखन विपुल आहे. इंग्रजी शाळांतून शिकून बाहेर पडणारा, जुन्या श्रद्धेविषयी साशंक झालेला आणि नव्या श्रद्धेविषयी अनिश्चित असलेला तरुण, हा त्यांचा प्रमुख वाचक होता. ते स्वतः त्याच वाटेने आले होते.

'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून ओळखली जाते. यमुना आणि विनायक यांच्या प्रवासातून हिंदू विधवांच्या स्थितीची अनेक चित्रे वाचकापुढे येतात. केशवपन, उपासमार, कुटुंबातील अवहेलना यांची ही चित्रे आजही परिणामकारक वाटतात. पुढे विनायकाचा मृत्यू होतो, यमुना स्वतः विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. येथे लेखनाची मर्यादा दिसून येते. पर्यटनात यमुनेने पाहिलेले प्रश्न अनेक आणि गुंतागुंतीचे आहेत; त्या सर्वांना कादंबरीने दिलेले उत्तर मात्र एकच व आधीपासून ठरलेले आहे. ज्या विधवेला धर्मांतर करावयाचे नाही, तिच्यासाठी या कथेत वाट उरत नाही. प्रश्न वाचकाचा आणि उत्तर लेखकाचे, अशी ही विभागणी आहे.

याउलट 'अरुणोदय' (१८८४) या आत्मचरित्रात पदमनजी अधिक विश्वसनीय वाटतात. घरातील देवधर्म, शाळेतील वाचन, मनातील भय आणि नातलगांच्या दुःखाची जाणीव यांचे निवेदन तेथे क्रमाने येते. धर्मांतराचे समर्थन हा हेतू तेथेही आहे. परंतु निर्णयापर्यंत पोहोचताना झालेली ओढाताण वाचकाला दिसत असल्याने तो त्या निर्णयाशी असहमत राहूनही लेखकाला समजून घेऊ शकतो. उपदेशकाने आपला निष्कर्ष सांगण्याऐवजी आपला प्रवास सांगितला, तर वाचकाचे स्वातंत्र्य अबाधित राहते, हे या दोन कृतींच्या तुलनेतून स्पष्ट होते.

शारदा सदन : विश्वासाचा प्रश्न

तरुणांमधील धर्मसेवेत विश्वासाचा प्रश्न किती तीव्र होऊ शकतो, याचा धडा पुण्याने १८९३ मध्ये घेतला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत स्थापन केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण द्यावे आणि त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करू नये, ही त्यामागील समजूत होती. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेले.

या प्रकरणातील दोन्ही बाजूंचे म्हणणे गांभीर्याने घेणे आवश्यक आहे. रमाबाईंनी दार का बंद करावे, या प्रश्नाला सुधारकांकडे समाधानकारक उत्तर नव्हते. स्वतःची श्रद्धा लपवणे हा त्यांच्या दृष्टीने अप्रामाणिकपणा होता. उलटपक्षी, आश्रयासाठी आलेल्या, अन्य आधार नसलेल्या मुलीची निवड कितपत मुक्त असते, ही पालकांची शंकाही केवळ सनातनी म्हणून बाजूला सारता येत नाही. आश्रय देणारा हात आणि उपदेश करणारा हात एकच असला की प्रामाणिक मनुष्याभोवतीही संशय जमतो.

लेखनाच्या क्षेत्रात या बाबतीत एक अनुकूलता आहे. वाचक पान मिटू शकतो. त्याला लेखकाकडून अन्न, वस्त्र वा निवारा मिळत नसतो. परंतु ही अनुकूलता टिकते ती उद्दिष्ट उघड असेपर्यंतच. आरोग्य, परीक्षा, नोकरी वा विवाह यांविषयीचा सल्ला देऊन तरुणाचा विश्वास संपादन करावयाचा आणि खरा हेतू शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवावयाचा, ही पद्धत कोणत्याही धर्माच्या उपदेशकाने अवलंबिली तरी ती वाचकाची फसवणूकच ठरते. रमाबाईंचे उघडे दार वादग्रस्त ठरले, तरी ते उघडे होते.

टिळक : भाषेचे परिवर्तन

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९१२ पासून अखेरपर्यंत ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. मिशनरी मराठीवर भाषांतराची छाया दाट होती. वाक्यरचना परकी आणि प्रतिमा परक्या, त्यामुळे मजकूर मराठी असूनही आवाज मराठी वाटत नसे. टिळकांनी अभंग, कीर्तन आणि ओवी यांच्या द्वारे ख्रिस्तभक्तीला वारकरी परंपरेच्या वळणावर आणले. मराठीत ख्रिस्तकथा ओवीबद्ध करण्याचा उपक्रम फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाने (१६१६) तीन शतकांपूर्वीच केला होता. टिळकांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी तो स्वर आधुनिक नियतकालिकाच्या वाचकापर्यंत नेला.

हे परिवर्तन केवळ शैलीचे नव्हते. भाषा बदलताच उपदेशकाचे स्थान बदलले. मिशनच्या चौकटीविषयीची त्यांची अस्वस्थता वाढत गेली आणि १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावावेत, अशी ही कल्पना होती. आपल्या लोकांच्या भाषेत दीर्घकाळ लिहिणाऱ्या उपदेशकाला सीमारेषा पूर्वीइतक्या ठळक दिसेनाशा होतात, असे यावरून म्हणता येईल.

टिळकांच्या लेखणीची मर्यादा त्यांच्या घरातच दिसते. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, जातिभेदाविषयी स्वतः विचार करून. पतीच्या युक्तिवादाने हे घडले नाही. पुढे १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' अशा असंख्य घरांत पोहोचली, जेथे मिशनच्या पुस्तिकेला प्रवेश नव्हता. त्या पुस्तकात उपदेश जवळजवळ नाही. विनोद आहे, भांडणे आहेत, उपासमार आहे आणि श्रद्धाही आहे. साक्ष आणि उपदेश यांतील भेद याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

'निरोप्या' व 'सुवर्ता' : मंडळीकडून समाजाकडे

कॅथलिक परंपरेत 'निरोप्या' हे मासिक १९०३ मध्ये जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी अहमदनगर जिल्ह्यात सुरू केले. डोरिंग पुढे १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. मासिकाचा प्रारंभीचा वाचक ग्रामीण ख्रिस्ती होता. त्याच्या भक्तिजीवनाला आधार देणे, हे त्याचे कार्य होते. मंडळीच्या आतील सेवा म्हणून असे लेखन आवश्यक असते. मात्र त्याची भाषा मंडळीबाहेरच्या वाचकाला सहजी उमगत नाही.

वसईच्या 'सुवर्ता' मासिकाचे संपादन १९८३ ते २००७ या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले आणि ही मर्यादा ओलांडली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले, तेव्हा पाणी, जमीन आणि नागरिकांचे भय हे या धर्मगुरूच्या लेखणीचे विषय झाले. हरित वसईच्या चळवळीत सर्व धर्मांचे लोक एकत्र आले. येथे धर्मसेवा आणि नागरी कर्तव्य वेगळे राहिले नाहीत. 'सुबोध बायबल'च्या रूपाने त्यांनी धर्मग्रंथही सर्वसामान्य मराठी वाचकासमोर ठेवला. २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा काहींनी ते धर्मगुरू असल्याचा आक्षेप घेतला. तो आक्षेप टिकला नाही, याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर त्यांच्या दीर्घ लेखनाला द्यावे लागेल. मराठी वाचक त्यांना ओळखत होता. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची गणना मराठी लेखकांत निर्विवादपणे होत होती.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वाचकसंख्या हे उपदेशकाच्या लेखनाच्या यशाचे माप नव्हे. मुक्ता साळवे यांचा निबंध किती जणांनी वाचला यावर त्याचे मोल अवलंबून नाही. दुसरी, साधन जितके सुलभ, तितका लेखकाच्या आत्मप्रतिष्ठेचा धोका अधिक. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० च्या जागतिक संप्रेषण दिनाच्या संदेशात धर्मगुरूंना नव्या माध्यमांचा वापर करण्याचे आवाहन केले, पण तेथे त्यांची ओळख माध्यमकौशल्याने नव्हे तर धर्मगुरूच्या अंतःकरणाने पटावी, अशी अपेक्षाही व्यक्त केली. तिसरी, लेखन हे प्रत्यक्ष भेटीला पर्याय ठरत नाही. संकटातील तरुणाला लेख पुरत नाही. त्याला माणूस हवा असतो.

हा प्रश्न एका धर्मापुरता मर्यादित नाही. कीर्तनकार, मौलवी, भन्ते, प्रवचनकार आणि महाविद्यालयीन अध्यापक हे सर्वच तरुण मनाशी बोलत असतात आणि सर्वांपाशी काही ना काही ठरलेली उत्तरे असतात. अध्यापकाच्या बाबतीत तर गुण देणारा हात आणि विचार सांगणारा हात एकच असतो. शारदा सदनाचा धडा त्याला अधिक लागू पडतो. आपले मत उघड सांगणे, विद्यार्थ्याच्या भाषेत सांगणे आणि त्याच्या विरोधी उत्तराला त्याच पानावर जागा देणे, एवढ्या तीन अटी पाळल्या तर उपदेशाचे संवादात रूपांतर होऊ शकते. त्या न पाळल्यास माध्यम कितीही नवे असले तरी व्यासपीठ तेच जुने राहते.