बेंजो, वीज आणि समीक्षेचा कान

एकल वाद्याला विजेवरच्या ध्वनीची जोड देणारी रचना आपल्याकडे पाश्चात्त्य कक्षसंगीतातला प्रयोग म्हणून गौरवली जाते. मारिओ डेव्हिडोव्हस्की यांची ‘सिंक्रोनिझम्स क्र. ६’ (१९७०) हे तिचे ठळक उदाहरण. पियानोचा स्वर उमटताच विरू लागतो. वादकाला तो वाढवता येत नाही. या रचनेच्या आरंभी तो विरता स्वर ध्वनिफितीतला आवाज उचलून धरतो, फुगवतो. १९७१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

हाच प्रश्न नवी मुंबईच्या रस्त्यावर बेंजोवादकापुढे असतो. हा बेंजो जपानच्या ‘ताइशोगोतो’चा वंशज, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते वाद्य १९१२ साली घडवले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा, खाली तारा. तारेचा स्वर तोकडा, म्हणून वादक आघात झपाट्याने करतो, पिकअप बसवून आवाज स्पीकरवर नेतो. जोडीला ऑक्टोपॅड. आगरी-कोळ्यांची हळद असो की १४ एप्रिलची मिरवणूक, मांडणी हीच.

तरी एकाला प्रयोग आणि दुसऱ्याला गोंगाट का म्हणावे? माझ्या मते हा निवाडा कानाने दिलेला नाही. कक्षसंगीत म्हणजे दार असलेल्या खोलीचे संगीत. ज्यांच्या वाडवडिलांनी देवळाबाहेर उभे राहून हलगी वाजवली, त्यांना हे दार चांगले ठाऊक आहे.

म्हणून बेंजोचा नुसता जयजयकार करावा, हे मात्र मला मान्य नाही. कौतुकाची भीक म्हणजे समीक्षा नव्हे. ऑक्टोपॅडने कातड्याविना ताल दिला. चर्मवाद्याला चिकटवलेली जातीची खूण त्याच्या रबरी पट्टीवर नाही. ही सुटका लहान नव्हे. परंतु त्या पट्टीतून निघतो तो कारखान्यात भरलेला ढोल, आणि बेंजोवर बहुधा चित्रपटाचीच चाल. डेव्हिडोव्हस्कींच्या रचनेत वीज वाद्याशी संवाद करते; इथे ती बव्हंशी आवाज मोठा करण्याच्या कामी येते. हवा तो ध्वनी भरता येईल अशी पॅडयंत्रे आज बाजारात आहेत. मग आपल्या हलगीचा कडकडाट, आपल्या वस्तीचा आवाज त्यांत का भरला जाऊ नये?

हे मागणे वादकाकडे करायचे, तर आधी आपण त्याचे ऐकले पाहिजे. येत्या जयंतीला आपल्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन स्पीकरपुढे उभे राहावे. ठेका कोणता, तारा कशा जुळवल्या, वादकाचे नाव काय, हे लिहून आणावे. आपली संगीतसमीक्षा तिथून सुरू होईल.