बुद्ध नववा नाही

हेवी मेटल म्हटलं की आपल्यातली पुष्कळ मंडळी नाक मुरडतात. पैसेवाल्यांच्या पोरांचा धिंगाणा, आपल्याला काय त्याचं! पण हे संगीत जन्मलं कुठं ते बघा. इंग्लंडातलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं शहर. टोनी आयॉमी या कामगार पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेली. गड्यानं घरीच टोपणं बनवून बोटांवर चढवली, पुढं गिटारच्या तारा ढिल्या केल्या. त्यातून जो जड, काळाकुट्ट आवाज निघाला तो 'ब्लॅक सॅबथ'चा. त्यांचा पहिला अल्बम १९७० चा. त्या आवाजाच्या मुळाशी अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं ब्लूज आहे. जाळावर हलगी शेकून तिचं कातडं कडक करणाऱ्याला हे संगीत परकं वाटायचं कारण नाही. काष्टीच्या बाजारात फिरणाऱ्या पोरांच्या मोबाईलमध्येसुद्धा ते आज वाजू शकतं. म्हणून त्याची समीक्षाही आपणच केली पाहिजे.

मुंबईचा 'डेमॉनिक रिसरेक्शन' हा बँड २००० सालचा. साहिल मखीजा हा त्याचा गायक, गिटारवादक आणि कणा. 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०), 'द डेमन किंग' (२०१४) असा प्रवास करत २०१७ साली त्यांनी 'दशावतार' काढला. हा बँड पिकला तो इथं, असं माझं मत आहे. आधीच्या अल्बमांत युरोपातल्या बँडांची सावली जाणवते. इथं सतार-बासरीसारखी वाद्यं येतात, आणि ती वरून शिंपडलेली कोथिंबीर वाटत नाहीत. गिटार त्यांच्यासाठी जागा सोडते. ड्रम धावतो तसा थांबतोही. केव्हा गप्प बसायचं हे कळणं म्हंजेच वादकाचं वय वाढणं. कान पक्व झालेत, यात वाद नाही.

पण डोकं?

दहा गाणी, दहा अवतार. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. भटजीनं पंचांग वाचावं तसा क्रम, एक नाव इकडचं तिकडं नाही. याच अवतारकथा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त उलट्या करून दाखवल्या. मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या कथांत त्यांना बाहेरून आलेल्यांच्या स्वाऱ्या आणि इथल्यांचा पाडाव दिसला. राक्षस म्हणजे मुळात रक्षक, असा अर्थ त्यांनी लावला. आणि इथं ज्या बँडच्या नावातच राक्षसांचं पुनरुत्थान आहे, तो ऐन पक्वतेच्या वेळी देवांच्या यादीला जाऊन बसतो! वामनाच्या नावाचं गाणं आहे, बळीच्या नावाचं नाही. आमच्या आयाबाया इडा पिडा टळो म्हणतात त्या बळीचं राज्य येवो म्हणून, वामनाचं नव्हे. काष्टीच्या बैलबाजारात येणाऱ्या शेतकऱ्यालाही भाषणात बळीराजाच म्हणतात.

आणि नववं गाणं बुद्ध. दोस्तहो, इथं आपल्याला गप्प बसता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पाचवी नेमकी ह्यावर आहे. बुद्ध विष्णूचा अवतार ही गोष्ट खोटी आणि खोडसाळ प्रचाराची आहे, हे लाखो लोकांनी उभं राहून म्हटलं. ज्यानं यज्ञ नाकारला, जन्मावरचं मोठेपण नाकारलं, त्याला परशुराम आणि कल्की यांच्या ओळीत उभं करायचं, हा त्याला मारण्याचा सभ्य मार्ग आहे. तलवार लागत नाही, नंबर दिला की झालं.

कोणी म्हणेल, अहो, या नुसत्या गोष्टी आहेत, कलाकाराला सूट द्या. देतो की! पण गोष्ट निवडताना कुणाच्या बाजूनं सांगायची हेही कलाकारच निवडतो. इतका मोठा आवाज हाताशी असताना यादी जशीच्या तशी घेणं ही काही बंडखोरी नव्हे.

याच मखीजानं 'डेमनस्टीलर' या नावानं २०२३ साली 'द प्रोपगंडा मशीन' काढला. खोट्या प्रचारावर पोसणाऱ्या सत्तेवर तो सरळ चालून जातो. म्हंजे माणूस विचार करतो, धाडसही आहे. म्हणून तर हे लिहितोय. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याच्यावर शाई कोण घालवतं? त्यानं सत्तेच्या प्रचारयंत्राकडं बघितलं, आता त्याहून जुन्या यंत्राकडंही बघावं. ते पोथीत बसलंय.

आणि आपल्या पोरांना एवढंच सांगणं : 'दशावतार' ऐका. कान देऊन ऐका, शिकण्यासारखं लई आहे. चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'नं २०१८ पासून गाना, रॅप आणि रॉक यांच्या जोरावर जातीला भर मंचावर जाब विचारला. मराठीत तसा जड आवाज अजून माझ्या कानावर आलेला नाही. गिटार घ्या, हलगी घ्या, तारा ढिल्या करा, कातडं शेका. बळीची बाजू सांगायची राहिली आहे.