म्हातारा रॅट नक्की किती म्हातारा?

आमच्या सावेडीच्या आजीचा एक नियम आहे. एसटीने पुण्याला जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी, आणि सकाळचा चहा तर नाहीच. तारकपूर स्टँडवर गाडीत बसण्याआधी दोनदा जाऊन येते, तरी सुपं येईपर्यंत तिचा जीव वरखाली होतो. एवढी घाई असूनही पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नाही, असंही ती म्हणते. घरातलं निदान ठरलेलं: वय झालं. माझी तक्रार अशी की मूत्राशयाच्या स्नायूवरचे कितीतरी शोधनिबंधसुद्धा शेवटी याच निदानावर येऊन थांबतात, फक्त भाषा जड असते.

यंत्रणा थोडक्यात सांगतो. मूत्राशयाच्या भिंतीतला डिट्रूसर स्नायू आवळला जातो तो मायोसिनच्या एका छोट्या साखळीवर फॉस्फेट बसल्यामुळे. पेशीत कॅल्शियम वाढलं की मायोसिन लाइट चेन कायनेज हे एन्झाइम तो फॉस्फेट बसवतं, मायोसिन फॉस्फटेज तो काढून टाकतं. रो-कायनेज या फॉस्फटेजचे हात बांधून ठेवतं, त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियममध्ये ताण जास्त येतो. प्रोटीन कायनेज सी हेच काम सीपीआय-१७ या प्रथिनामार्फत करतं.

आता वयानुसार यात काय बदलतं? निबंध वाचायला घेतलेत तर म्हाताऱ्या प्राण्यात आकुंचन कमी झालं, तेवढंच राहिलं, वाढलं, अशी तिन्ही उत्तरं सापडतील. गोंधळून जाऊ नका. आधी निबंधातला प्राण्यांचा परिच्छेद उघडा आणि वय बघा. रॅट साधारण दोन ते तीन वर्षं जगतो. २४ महिन्यांचा रॅट म्हातारा म्हणता येईल. १२ महिन्यांचा म्हणजे मध्यमवयीन गृहस्थ. आणि ज्याच्याशी तुलना करतात तो ३ महिन्यांचा रॅट अजून वाढतोच आहे! मग दिसलेला फरक म्हातारपणाचा की वाढ पूर्ण झाल्याचा? तीन वयोगट नसतील तर हे सांगता येत नाही. असं का होतं तेही आपल्याला माहीत आहे. जेआरएफची दोन आणि एसआरएफची तीन अशी पाच वर्षं हातात. त्यातली दोन रॅट म्हातारा होण्याची वाट बघण्यात घालवायची कोणी? अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग संशोधकांना म्हातारे उंदीर आणि रॅट पुरवते. आपल्याकडे ॲनिमल हाउसमध्ये पिंजरा दोन वर्षं अडवला की तिथल्या सरांचा चेहरा बघवत नाही.

माझा खरा राग मात्र दुसऱ्या गोष्टीवर आहे. स्नायूची पट्टी ऑर्गन बाथमध्ये टांगतात, पोटॅशियम क्लोराइड घालून आलेलं आकुंचन शंभर टक्के धरतात आणि बाकीची आकुंचनं त्याच्या टक्केवारीत देतात. गृहीतक असं की पोटॅशियम फक्त कॅल्शियम आत सोडतं, म्हणून तो तटस्थ मापदंड. पण पॉल रॅट्झ यांनी २००५ च्या आढाव्यातच दाखवलंय की पोटॅशियम क्लोराइडच्या आकुंचनातही रो-कायनेजचा हात असतो. म्हणजे वयाने रो-कायनेज बदललं असेल, तर अंश आणि छेद दोन्ही बदलले, आणि भागाकारात फरक गायब! "वयाचा परिणाम आढळला नाही" हे वाक्य कधीकधी एवढ्यावरच उभं असतं. पट्टीच्या वजनाने भागलं तर वेगळीच अडचण, कारण वयाबरोबर कोलॅजन वाढलं असेल तर वजनात स्नायू कमी आणि भराव जास्त.

तिसरी चूक मी स्वतः केलीय. वेस्टर्न ब्लॉटमध्ये रो-कायनेजचा पट्टा जाड दिसला आणि मी सिनॉप्सिसमध्ये लिहून टाकलं, "वयानुसार रो-कायनेजचे कार्य वाढते". सादरीकरणात एकच प्रश्न आला: कार्य मोजलंस कुठे? गोदामात माल जास्त असला म्हणजे विक्री जास्त होते असं नाही. एमवायपीटी१ वर फॉस्फेट किती बसला ते बघायला हवं होतं. वाय-२७६३२ वापरून काम भागेल असंही समजू नका; ते द्रव्य इतर कायनेजनाही अडवतं.

माणसाच्या ऊतीवरचे निबंध जास्त विश्वासार्ह वाटतात, पण पट्टी मिळते ती शस्त्रक्रियेतून. प्रोस्टेटमुळे वर्षानुवर्षं अडथळा सोसलेलं मूत्राशय आणि नुसतं म्हातारं मूत्राशय एक नाही.

एवढ्या बारकाव्यात का शिरायचं? १९८७ साली नील रेस्निक आणि सुब्बाराव याल्ला यांनी वृद्धांमधली एक अवस्था वर्णन केली: मूत्राशय नको तेव्हा आवळतं आणि हवं तेव्हा पुरतं रिकामंही करत नाही. आजीची तक्रार ऐकल्यावर मला तीच आठवली. अशा माणसाला घाई थांबवण्यासाठी ऑक्सिब्युटिनिनसारखं औषध दिलं तर ते आकुंचन आणखी दाबतं आणि आत लघवी साठण्याचा धोका वाढतो. "वयाने आकुंचन वाढतं की घटतं" असा एका बाणाचा प्रश्न विचारणाऱ्या निबंधात या मूत्राशयाला जागाच नाही.

आजीची लघवीनंतरची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे. त्यासाठी भरपूर पाणी पिऊन यायला सांगितलंय, म्हणून सध्या ती माझ्यावर चिडलेली आहे.