शिकवण्याआधीच्या चार भेटी

स्मृतिभ्रंश झालेल्या, पण घरीच राहणाऱ्या माणसांसाठी नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे मॉड ग्राफ आणि सहकाऱ्यांनी व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) एक पद्धत बसवली. १३५ रुग्णांवरच्या तिच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पाच आठवडे, दहा भेटी, एवढाच तिचा पसारा.

त्यातल्या पहिल्या चार भेटींत शिकवणं जवळजवळ नाहीच! थेरपिस्ट रुग्णाला त्याच्या आयुष्याविषयी बोलतं करते. बायकोला किंवा मुलीला त्यांच्या बाजूची हकिकत विचारते. कोणतं काम पुन्हा जमायला हवं, हे मग घरचे आणि रुग्ण मिळून ठरवतात. उरतात फक्त सहा भेटी. आठवण विरत चाललेल्या माणसाच्या इच्छेला इतकी ऐसपैस जागा देणं, हा मला या रचनेचा स्थायीभाव वाटतो.

फरक जोखायला वापरलेली एएमपीएस ही मोजपट्टीही निरखून पाहावी अशी आहे. तिच्यात हालचालींची १६ आणि कामाच्या प्रक्रियेची २० कौशल्यं वेगवेगळी पाहिली जातात. म्हणजे कॉफी करताना कप शोधणं वेगळं, सामान एका जागी आणणं वेगळं, क्रम सांभाळणं वेगळं आणि वेळेवर थांबणंही वेगळं. ‘बाबांना आता कॉफी जमत नाही,’ असं आपण म्हणून मोकळे होतो. जाणत्या नजरेला मात्र दिसतं की हात स्थिर आहेत, ओतणं नेटकं आहे, गाडी अडते ती बंद कपाटापाशी. मग कप ओट्यावर समोरच ठेवायचा, की कॉफी पुन्हा बाबांच्या हातची. किती थोडक्यात केवढं साधलं!

घरच्यांनाही देखरेखीची रीत शिकवली जाते. हात कधी पुढे करायचा आणि कधी आवरायचा, हे त्यातलं सर्वांत नाजूक काम.

भेटी पाच आठवड्यांत संपल्या, तरी गुण तीन महिन्यांनंतरही टिकून होता. जर्मनीत मात्र हीच पद्धत एका सल्लाभेटीपेक्षा सरस ठरली नाही. आराखडा उचलता आला, ती नजर तशीच उचलता आली नसावी, असं माझं मत.

आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० साली व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. म्हणजे ही विद्या आपल्याला नवी नाही. घरात कुणाला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, तर डॉक्टरांकडे औषधांबरोबर व्यवसायोपचारतज्ज्ञाचं नावही मागा. त्या तज्ज्ञ घरी येऊन रुग्णाला काम करताना पाहतील का, हेही विचारा.